बोलकी कुंडी आणि मुलांची बोटे

शाळेच्या वर्धापनानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने वसतिगृहाच्या प्रत्येक खिडकीत एक ‘बोलकी कुंडी’ भेट देण्याचा मानस व्यक्त केला आहे. माती सुकली की कुंडीवरील दिव्यांचा चेहरा रडतो, पाणी मिळाले की हसतो. या भेटीमागील प्रेमाविषयी आमच्या मनात शंका नाही. तरीही ती आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे आमचे मत आहे. ते मांडण्यापूर्वी आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक तयार कुंडी शाळेत आली होती. तिच्यात मनीप्लांट लावला. चेहरा रडला की पाणी घालायचे, हा मुलांचा आवडता खेळ झाला. पुढे पावसाळा सरता सरता तो चेहरा अखंड रडू लागला आणि मुले पाणी घालीत राहिली. पाने पिवळी पडली, मुळे कुजली. कुंडी रिकामी केली तेव्हा आत चिखल होता आणि त्यात रोवलेली धातूची दोन पाती हिरवी पडून झिजली होती. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरड्या मातीतून कष्टाने. यंत्राचा सारा निवाडा एवढ्यावरच चालतो. मात्र एकाच दिशेची वीज सतत वाहत राहिली की धातू गंजतो, आणि गंजलेले पाते ओल्या मातीलाही कोरडी ठरवते. त्या महिन्याभरात मातीत बोट घालून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. वर्गात कालामसुत्त शिकवणाऱ्या आम्हालाही नाही!

त्यानंतर आम्ही मुलांना नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटमध्ये नेले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशा तेथील पाच बाजारांपैकी धान्य बाजारात आमच्या काही पालकांची हयात गेली आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांच्या मजुरीला आणि भविष्यनिर्वाह निधीला आधार दिला, त्या कष्टकऱ्यांची ही घरे. एका विद्यार्थ्याचे वडील तेथे मापाडी आहेत. त्यांनी पोते न उसवता टोकदार पोकळ नळी खुपसली, आतले दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि ओलावा किती असेल ते बोलून दाखवले. मग तेच दाणे ओलावा मोजणाऱ्या यंत्रात टाकले. ते यंत्रही धान्याचे विद्युत गुणधर्म पाहूनच आकडा देते. आमच्या कुंडीचे ते मोठे भावंडच म्हणायचे. दात आणि आकडा यांत अंतर पडले तेव्हा त्या गृहस्थांनी दोघांपैकी कोणाचेच खरे मानले नाही. पोत्याच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा नळी खुपसली. आपल्या वडिलांना हे कळते, हे त्या मुलाने त्या दिवशी प्रथमच पाहिले.

जातिव्यवस्था कामापेक्षा काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त दाखवून दिले. बंद वेष्टनातली कुंडी त्याच विभागणीचे लहानसे रूप आहे, असे आम्हाला वाटते. तहान कशाला म्हणायचे हे कुठल्याशा कचेरीत बसलेल्या माणसाने ठरवायचे आणि आमच्या मुलांनी फक्त पाणी वाहायचे. एवढ्याशा खेळण्यावर हा आरोप जड वाटेल. पण अशा खेळण्यांतूनच मुलाला आपली जागा कळत जाते.

म्हणून कुंड्यांऐवजी सुटे भाग द्यावेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०१६ साली शाळकरी मुलांना मोफत वाटलेले ‘मायक्रोबिट’ आता आपल्याकडेही मिळते. त्यावर पंचवीस दिवे असतात. हसरा, रडका, रुसलेला, हवा तो चेहरा मुले स्वतः रचू शकतात. त्याला तारांनी दोन खिळे जोडून ते मातीत खुपसले की ० ते १०२३ यांमधला एक आकडा मिळतो. कितव्या आकड्याला रडायचे हे यंत्र सांगत नाही. ते मुलांनी बोटाने माती चाचपून, वहीत नोंदी ठेवून ठरवायचे. कोरफडीचा आकडा वेगळा निघेल, पुदिन्याचा वेगळा. खिळे गंजू नयेत म्हणून मोजण्यापुरतीच वीज सोडायची, हेही मुलांनाच शोधू द्यावे. एका मुलीने तर आताच सुचवले आहे की कोरफडीला वरचेवर पाणी घातले तर तिने जीभ दाखवावी. ही कल्पना तयार कुंडीत आम्ही अद्याप पाहिलेली नाही.

खर्च कुंड्यांइतका होणार नाही. जे वाचेल त्यातून डाग देण्याच्या चार इस्त्र्या घ्याव्यात, आणि जे माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. शाळेच्या बाजूनेही एक गोष्ट करावी लागेल. असले साहित्य पाहुण्यांना दाखवण्यापुरते कपाटाबाहेर येते, ही सवय आमचीच आहे. या कपाटाची किल्ली नववीच्या मुलामुलींकडे राहील.