डबे नवे येतील, पण रूळ कोणाचे?

‘द कॅनेडियन’ ही गाडी 1955च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, तेव्हा माँट्रियल ते व्हँकुव्हर हा पल्ला ती सुमारे 71 तासांत गाठायची, तोही रोज. आज हीच गाडी टोरांटो ते व्हँकुव्हर या 4,466 किलोमीटरसाठी चार रात्री घेते आणि आठवड्यातून दोनदाच सुटते. डबे मात्र बहुतेक त्या काळचेच आहेत. अमेरिकेतल्या बड कंपनीने बांधलेले, स्टेनलेस स्टीलचे, सत्तर वर्षं थंडी-बर्फ सोसूनही ठणठणीत. डबे तेच, आणि प्रवास मात्र एका रात्रीने लांबला. हे कसं झालं, ते आज सांगायचं आहे. मुलांकडे टोरांटोला जाणारे आईवडील दर उन्हाळ्यात या गाडीबद्दल विचारतात, म्हणूनही.

गाडी सुंदर आहे, यात शंका नाही. एकटा ऑन्टारियो प्रांत ओलांडायलाच दिवसाहून जास्त वेळ जातो. काळसर खडक, सूचिपर्णी झाडं, तळं, पुन्हा खडक, पुन्हा तळं. काहींना याचा कंटाळा येतो. मला प्रवासाचा हाच भाग सर्वांत आवडतो, कारण देश केवढा आहे ते इथे कळतं. विनिपेगनंतर सपाट गव्हाळ मुलूख लागतो. मग जॅस्पर, यलोहेड खिंड आणि 3,954 मीटर उंचीचा माउंट रॉबसन. डब्याच्या छतावर काचेचा घुमट असतो, त्यात चोवीस माणसं बसतात. पुढची जागा मिळाली तर इंजिनाच्या पाठीवरून थेट रूळ दिसतात आणि सिग्नलही.

तो सिग्नल नीट पाहावा. हिरवा असतो तोवर गाडी पळते. मग लाल होतो, वेग उतरतो, आणि गाडी मुख्य मार्ग सोडून बाजूच्या लूपवर शिरते. आसपास गाव नाही, फलाट नाही. काही वेळाने समोरून मालगाडी येते: एकावर एक दोन कंटेनर, त्यामागे धान्याचे, खताच्या पोटॅशचे, तेलाचे डबे. एक-एक गाडी तीन-तीन किलोमीटर लांब. ती गेल्यावर सिग्नल हिरवा होईलच असं नाही. मागून दुसरी येत असते.

कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्याला क्रॉसिंग नवं नाही. एकेरी मार्ग म्हटला की कोणीतरी थांबणारच. पण आपल्याकडे सहसा मालगाडी बाजूला उभी राहते आणि मेल-एक्स्प्रेस पुढे जाते. कॅनडात उलट चालतं. त्यामागचं एक कारण अगदी साधं आहे. कित्येक लूप जुन्या, आखूड मालगाड्यांच्या मापाने बांधलेले आहेत; आजची मालगाडी त्यांत मावतच नाही. मावते ती प्रवासी गाडी. मग थांबणार कोण, हे लांबीवरच ठरतं.

खरं कारण मालकीचं आहे. ‘व्हिया रेल’ ही सरकारी कंपनी प्रवासी गाड्या चालवते, पण तिच्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांतले जेमतेम 3 टक्के तिचे स्वतःचे. ‘द कॅनेडियन’ मुख्यतः ‘सीएन’ या मालवाहू कंपनीच्या मार्गावरून जाते. आणि ही सीएन आली कुठून? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डबघाईला आलेल्या खासगी रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या आणि जनतेच्या पैशावर ही कंपनी उभी केली. पुढे 1995 मध्ये तिचे शेअर बाजारात विकले. ज्यांच्या करातून ते रूळ वाचले, त्यांचीच गाडी आज त्या रुळांवर पाहुणी आहे. हे मला मान्य होत नाही. मालवाहतूक देशाची गरज आहे. पश्चिमेचा गहू बंदरात पोहोचलाच पाहिजे. पण अमेरिकेने 1973 पासून प्रवासी गाडीला अग्रक्रमाचा कायदेशीर हक्क दिलेला आहे. तो तिथे नेहमी पाळला जात नाही, तरी भांडायला आधार तरी आहे. कॅनडात तोही नाही. संसदेत विधेयकं आली आणि मंजूर न होताच बारगळली.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: ही तर हौशी प्रवाशांची गाडी, चार तास उशीर झाला म्हणून काय बिघडलं? ज्याने शयनयान आणि तीन वेळचं जेवण घेतलं आहे, त्याचं खरंच फारसं बिघडत नाही. पण याच गाडीत साध्या वर्गाचे बैठे डबेही असतात, आणि उत्तर ऑन्टारियोच्या जंगलात आधी कळवलं तर ती आडरानातही थांबते. सडबरी ते व्हाइट रिव्हर मार्गावर तर एक जुनी डिझेल रेलकार आठवड्यातून तीनदा धावते. तिच्या सामानाच्या डब्यात लोक होड्या, किराणा, शिकारीचं साहित्य चढवतात. त्या रानातल्या कित्येक घरांना रस्ताच नाही.

चर्चिलचं उदाहरण तर याहून मोठं. हडसन उपसागराच्या काठावरच्या या गावाला सडक नाही. विनिपेगहून सुमारे 1,700 किलोमीटर, दोन रात्रींचा रेल्वेमार्ग. शेवटचा टप्पा गोठलेल्या जमिनीवरून जातो. तिथे साधे खांब तग धरत नाहीत, म्हणून तारांचे खांब तीन पायांच्या तिवईसारखे उभे केले होते. पर्यटक ते बघायला आणि हिवाळ्याच्या तोंडाशी ध्रुवीय अस्वलं बघायला येतात. 2017च्या मे महिन्यात पुराने हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, यावर खासगी मालक आणि सरकार यांच्यात वाद रंगला, आणि गावात किराणा विमानाने येऊ लागला. अखेर आदिवासी समुदाय आणि स्थानिक नगरपालिकांचा सहभाग असलेल्या गटाने मार्ग विकत घेतला, तेव्हा कुठे 2018च्या डिसेंबरमध्ये प्रवासी गाडी पुन्हा पोहोचली. क्वेबेकमधली शेफरव्हिलची रेल्वे तर 2005 पासूनच आदिवासींच्या मालकीची आहे. रूळ त्यांच्या हाती आल्यावर गाडी कोणासाठी चालवायची, हा प्रश्न उरला नाही.

कॅनडाच्या केंद्र सरकारने 2024च्या अर्थसंकल्पात लांब पल्ल्यासाठी नव्या गाड्यांचा निर्णय जाहीर केला. टोरांटो ते क्वेबेक सिटी अतिजलद रेल्वेची घोषणा 2025 मध्ये झाली; तिला स्वतंत्र रूळ मिळणार आहेत, म्हणजे रोग कुठे आहे हे सरकारला पुरतं ठाऊक आहे. मग पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या प्रवाशांनी काय करायचं? नवे डबे त्याच जुन्या लूपवर उभे राहणार असतील, तर तो खर्च रंगरंगोटीचा झाला. लूप लांबवावेत, त्यासाठी सरकारी पैसा द्यावा आणि बदल्यात प्रवासी गाडीचा अग्रक्रम कायद्यात लिहून घ्यावा. हे तंत्रज्ञान शंभर वर्षं जुनं आहे.

तोवर टोरांटोहून निघणाऱ्यांना माझं एकच सांगणं: व्हँकुव्हरहून पुढचं विमान गाडी पोहोचण्याच्या दिवशीचं काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा. आणि जमलं तर मुलांना, म्हणजे जे तिथले मतदार झाले आहेत त्यांना, आपल्या खासदाराला या कायद्याबद्दल पत्र लिहायला सांगा.