गीता विश्वासला उडता येत नव्हतं

'शक्तिमान'वरचा आरोप जुनाच आहे: मालिका पाहून पोरं गच्चीवरून उड्या मारतात, स्वतःला पेटवून घेऊन शक्तिमानची वाट पाहतात. १३ सप्टेंबर १९९७ला दूरदर्शनवर आलेल्या या मालिकेला अशा बातम्या लवकरच चिकटल्या. मग शक्तिमान हा महानायक साकारणारे मुकेश खन्ना पडद्यावरूनच मुलांना बजावू लागले, असलं काही करू नका.

आरोप करणारे अर्धाच हिशेब मांडतात. याच मालिकेत 'छोटी छोटी मगर मोटी बातें' हे सदर होतं. चूक करणाऱ्या पोराला शक्तिमान समजावायचा आणि पोरगं 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं. मूल उडीची नक्कल करतं असं मानायचं, तर त्या 'सॉरी'चीही करतं हे मानावं लागेल.

म्हणून समर्थकांचं सगळंच खरं ठरत नाही. मालिकेतला खलनायक तमराज किल्विष दुरूनही ओळखू येतो. अंधार, मुखवटा, गडगडाटी आवाज. पण वसई-विरारमधलं खरं पाप इतकं सोयीचं नसतं. नालासोपाऱ्यात अगरवाल नगरीजवळ सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. तीही अनधिकृतच. बांधणारा, कागद रंगवणारा, डोळेझाक करणारा: यातला किल्विष नेमका कोणता?

याचं उत्तर मालिकेतच होतं, फक्त टाळ्या दुसऱ्याला पडल्या. 'आज की आवाज'ची वार्ताहर गीता विश्वास हिच्याकडे ना कुंडलिनीची शक्ती, ना पंचमहाभूतांचं बळ. ती प्रश्न विचारायची आणि बातमीचा माग सोडायची नाही. नागरिकाला जमण्याजोगा धडा तिचाच होता. वसईत तो खरा करूनही दाखवला गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा बिल्डरांपासून हिरवा पट्टा वाचवायला कुणी आकाशातून उतरलं नाही. गावोगावची माणसं मोर्चाला आली.

'शक्तिमान' मार्च २००५मध्ये संपली आणि त्याच ऑक्टोबरात केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. आज नायगावात मालिकांचे सेट लागतात. तिथल्या पुढच्या महानायकाने कोसळती इमारत हातावर जरूर झेलावी. पण तिच्या बांधकाम परवानगीची फाईल गीताने माहिती अधिकारात आदल्या भागातच मागवलेली असावी.