वहीत समुद्र स्वच्छ, वाळूत डांबर



पावसाळी वारं सुटलं की कोकण-गोव्याच्या वाळूत डांबराचे गोळे येऊन पडतात. जाळ्याला चिकटले की सुटता सुटत नाहीत. जहाजांनी समुद्रात सोडलेलं तेलच असं गोळे होऊन किनाऱ्याला लागतं. कायदा नाही म्हणून हे होतं, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

कायदा आहे. जहाजांच्या घाणीवरचा आंतरराष्ट्रीय 'मारपोल' करार १९७३ चा, लागू झाला १९८३ साली, आणि भारत त्याला बांधील आहे. टँकरनं टाक्यांचं तेलकट धुवण किनाऱ्यापासून ५० नॉटिकल मैलांच्या आत सोडायचं नाही. इंजिनखोलीतलं पाणी गाळूनच सोडायचं, दहा लाख भागांत तेल १५ भागांच्या वर नको. सगळ्याची नोंद वहीत. ती वही लिहितात मात्र जहाजावरचीच माणसं, वरून कंपनीचा दाब सोसत. 'प्रिन्सेस क्रूझेस'च्या जहाजावर गाळणीला बगल देणारा चोरपाइप होता. तो उजेडात आणला नव्यानं रुजू झालेल्या एका इंजिनियरनं, आणि २०१६ साली कंपनीनं अमेरिकेत ४ कोटी डॉलरचा दंड कबूल केला. आपलीही कितीतरी पोरं जहाजावर आहेत. तोंड उघडणाऱ्याला कायद्यानं पाठबळ दिलं, तर तीच या समुद्राची राखण करतील.

पण चोरी होते कशासाठी? बंदरात घाण उतरवायची तर वेळ मोडतो, पैसे पडतात. रात्रीच्या समुद्रात ती फुकट जाते. बाल्टिकच्या देशांनी यावर साधा तोडगा काढला: घाण द्या वा न द्या, तिचा खर्च बंदरशुल्कातच धरलेला. पैसे गेलेलेच असताना मालक घाण समुद्रात कशाला ओतेल? जहाजांची घाण उतरवून घ्यायची सोय ठेवणं मारपोलनं बंदरांवरही बंधनकारक केलंय. मग मुंबई, न्हावाशेवा, मुरगाव इथं बाल्टिकसारखंच शुल्क लावा, आणि कुठल्या जहाजानं किती घाण उतरवली ते जाहीर करा. आमची मागणी एवढीच आहे आणि ती परवडत नाही हे आम्हाला मान्य नाही.

काही गोळे समुद्रातल्या तेलविहिरींचे असतील, जहाजांचे नसतील. असू देत. तेलाची रासायनिक ओळख पटवता येते, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं असे अभ्यास केलेत. म्हणून यंदा गोळे दिसले की किनारा झाडण्याआधी थोडे काचेच्या स्वच्छ बरणीत भरा, वर तारीख आणि जागा लिहा, आणि बरणी घेऊन ग्रामसभेला या. ठराव तिथेच करू.