लोकसंख्येचा हिशेब

लोकसंख्येचा विषय निघाला की बोटं आपल्याकडे वळतात. मित्रांनो, अशा वेळी चिडू नका, आकडे सांगा. लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीनच गोष्टींनी बदलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये ४.४ होती, २०१९-२१ मध्ये २.४ झाली. मुली शिकल्या की प्रत्येक समाजात हे घडतं.

मराठवाड्याचा खरा प्रश्न स्थलांतराचा आहे. जुन्या संस्कृती नदीकाठी वसल्या, नांदेडही गोदावरीकाठीच वाढलं. लातूरला मात्र एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाणी आणि काम संपलं की माणूस पुणे-हैदराबाद गाठतो, मग धर्म कोणताही असो. ‘तुम्ही किती वाढलात?’ असं कुणी विचारलं, तर आकडे सांगून झाल्यावर त्यालाच विचारा: आपली गावं रिकामी का होताहेत?