धरण कोसळलं, पण किंचित!

परवा शनिवारी पिंपळीला ताईकडे गेलो होतो. भाच्याने आयईएलटीएसची परीक्षा घेतलीये मनावर. बारामतीतल्या कुठल्याशा क्लासची झेरॉक्स त्याने माझ्यापुढे टाकली. एका बाजूला 'वर जाणे', दुसऱ्या बाजूला 'खाली येणे', आणि खाली इंग्रजी शब्दांची रांग. राइज, सोअर, सर्ज... फॉल, ड्रॉप, प्लमेट, रिसीड, सबसाइड...

"मामा, सोमवारपर्यंत पाठ करायचेत. दर वाक्यात नवा शब्द आला की मार्क जास्त."

वहीत त्याने लिहिलेल्या एका वाक्याचं मराठी असं होतं: 'धरणाची पातळी किंचित कोसळली.'

आधी हसलो. मग डोकं फिरलं. कारण झेरॉक्सवर वर ठळक अक्षरात सूचना होती, मराठीत विचार करू नका! अहो, मराठीत विचार केला असता तर हे वाक्य त्याच्या हातून झालंच नसतं.

त्याला म्हटलं, विहिरीचं पाणी कमी झालं तर काय म्हणशील? "आटलं." पुराचं? "ओसरलं." ताप? "उतरला." कांद्याचा भाव? "पडला. लईच पडला तर गडगडला." एकदाही अडखळला नाही. मे २०२५ च्या पावसात इथलाच नीरा डावा कालवा फुटला, तेव्हाची हकिकत सांगताना हीच क्रियापदं त्याच्या तोंडून न चुकता येतात. कुठली वस्तू कशी खाली येते हे पोराला पक्कं ठाऊक आहे. त्याला फक्त सांगायला हवं की पूर ओसरतो तिथे रिसीड, सूज ओसरते तिथे सबसाइड, आणि प्लमेट म्हणजे दाणकन कोसळणं, त्याला 'किंचित' लावता येत नाही. या शब्दांना समानार्थी म्हणून एका रकान्यात कोंबणं म्हणजे इंटिजर आणि स्ट्रिंग एकाच व्हेरिएबलमध्ये भरून 'चालतंय की' म्हणणं.

राइज आणि रेजचा घोळ घ्या. माझ्या ऑफिसात दहा-दहा वर्षं नोकरी केलेले लोक यात चुकतात. मराठी माणसाने तरी का चुकावं? चढणे-चढवणे! पाणी आपोआप चढतं, भाव कुणीतरी चढवतो. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड पाडतात त्याला फेल (फॉलचा भूतकाळ तो वेगळा). पडणे-पाडणे! स्वर बदलला की 'झालं'चं 'केलं' होतं, ही युक्ती दोन्ही भाषांत आहे. पण ते सांगायचं तर मराठी काढावी लागते, आणि ती तर बंद.

सगळ्यात महाग पडते ती बाय आणि टूची चूक. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. इंदापूरकडच्या कुणालाही विचारा. टक्केवारी मोजतात ती वरच्या साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठ्याची. त्याखाली ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. त्याला हात लागला की वजा सुरू. म्हणजे वजा ५०'वर' आलं, तर मृतसाठ्यातलं जवळपास २७ टीएमसी संपलं. आणि ५० टक्क्यां'नी' घटलं, तर कदाचित भरलेलं धरण नुसतं निम्म्यावर आलं असेल. 'वर' म्हणजे टू, 'नी' म्हणजे बाय. एवढंच! झेरॉक्सवर या दोन शब्दांबद्दल एक ओळ नव्हती.

आता मराठी आडवी येते हेही खरं. आपण म्हणतो 'दगड घरंगळत खाली आला'. इंग्रजी घरंगळण्यालाच क्रियापद करतं आणि दिशा 'डाउन'वर सोपवते. आपली पोरं 'केम डाउन रोलिंग' लिहितात. पण ही चूक का होते तेही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं?

क्लासवाल्यांचं म्हणणं असेल, वेळ कुठे आहे? परीक्षेत ग्राफसाठी वीसेक मिनिटं आणि किमान दीडशे शब्द. बरोबर. म्हणूनच चाळीस शब्दांच्या पाठांतरापेक्षा नेमके आठ-दहा पुरतील. फी मात्र चाळीसांचीच घेतात बहुतेक :)

असो. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही झेरॉक्स मागून कोरी होती तिथे नवी यादी केली. पाणी, भाव, ताप, गर्दी असे रकाने आखले. दाजी बाजूला बसून ऐकत होते. मधेच म्हणाले, "आणि आवर्तन लांबलं, त्याला काय म्हणतात रे?"

ते अजून शोधतोय.