विजेची गाडी : नवी कीं वापरलेली?

शहाद्याच्या एका गृहस्थांनीं आम्हांस लिहिलें आहे : "घरांत विजेची मोटार घ्यावयाचें ठरलें आहे. सूनबाई नंदुरबारच्या शाळेंत शिक्षिका आहेत. त्यांचें रोजचें जाणें-येणें हें मुख्य कारण. थोरले चिरंजीव नवीच घ्यावी म्हणतात. धाकटे सुरतेच्या बाजारांतील वापरलेली सुचवितात. पैसा आमच्या निवृत्तीच्या पुंजींतला, आणि नातीच्या शिक्षणाची तरतूदही त्यांतच आहे. काय करावें?" हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असल्यामुळें त्याचें उत्तर येथें देणें आम्हांस उचित वाटतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. पेट्रोलची जुनी मोटार घेतांना आपण इंजिन पाहतों. विजेच्या गाडींत झिजणारे भाग थोडे. परंतु किमतीचा मोठा अंश बॅटरींत असतो, आणि ती काळानें, वापरानें व उष्णतेनें क्षीण होते. म्हणून अशी वापरलेली गाडी घेणारा मनुष्य वस्तुतः बॅटरीचें उरलेलें आयुष्य विकत घेत असतो. आमच्या खानदेशांत वैशाखांतला पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हेंही विसरून चालणार नाहीं.

उदाहरणार्थ, टाटांची विजेवरील नेक्सॉन जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली. बॅटरी ३०.२ युनिटांची, परीक्षणांतील पल्ला ३१२ किलोमीटर, बॅटरीची हमी ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं भरेल तें. प्रत्यक्ष रस्त्यावर हा पल्ला दोनशेंच्या आसपास धरावा. त्यांतून पंचमांश क्षमता गेली तर राहिले १६०. शहाद्याहून नंदुरबारास जाऊन परत येण्यास हे पुरून उरतात. सुरतेस एका दमांत पोंचण्याचा मात्र भरंवसा नाहीं. तोरणमाळ तर हजार मीटरांहून उंच. चढतांना वीज अधिक खर्च होते, आणि उतरतांना तिचा कांहीं अंशच परत मिळतो.

तेव्हां किमतीच्या आधीं रस्त्याचा विचार करावा. शाळा, कचेरी व बाजार एवढेंच फिरणें असेल, तर वापरलेली गाडी पुरे. घरांत सुरतेच्या दवाखान्यांत वरचेवर न्यावें लागणारें आजारी माणूस असेल, तर मोठ्या बॅटरीची नवी गाडी घ्यावी. त्याच नेक्सॉनमध्यें २०२४ सालीं ४५ युनिटांची बॅटरी आली आहे.

कराविषयीं लोकांत गैरसमज आहे. नव्या विजेच्या गाडीवर वस्तु-सेवा-कर शेंकडा ५ आहे, आणि व्यापाऱ्यानें विकलेल्या जुन्या गाडीवर शेंकडा १८. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें जेसलमेर येथें भरलेल्या परिषदेंत ठरल्याप्रमाणें हा १८ चा कर व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रींतील फरकावर आहे, सगळ्या किमतीवर नाहीं. एका गृहस्थानें दुसऱ्यास आपली गाडी विकली तर तोही लागत नाहीं.

कागदांची हयगय करूं नये. सुरतेची गाडी आणावयाची तर तेथील परिवहन कचेरीचें नाहरकत पत्र घ्यावें. बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवल्यास आपल्या जिल्ह्याचा एमएच-३९ हा क्रमांक घ्यावा लागतो. बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला पाहावा. कांहीं कंपन्यांची आजन्म हमी पहिल्या मालकापुरतीच असते. म्हणून हमीपत्र स्वतः वाचावें.

परीक्षा सोपी आहे. बॅटरी पूर्ण भरून, थंड हवेचें यंत्र चालू ठेवून, आपल्याच रस्त्यावर ५० किलोमीटर जावें. बॅटरी शेंकडा २५ उतरली, तर पल्ला दोनशेंचा समजावा. गाडी नवी असो वा जुनी, घरचा मंजूर वीजभार व अर्थिंग आधीं तपासून घ्यावें. पंधरा अँपियरच्या जोडणीवर तीस युनिटें भरण्यास नऊ-दहा तास, म्हणजे एक रात्र लागते.

आमच्या मतें या कुटुंबानें वापरलेली गाडी घ्यावी; मात्र तीन अटींवर. बॅटरीची हमी निदान चार वर्षें शिल्लक असावी. अधिकृत कारखान्याचा क्षमतेविषयींचा लेखी अहवाल हातीं असावा. आणि नातीच्या शिक्षणाचा पैसा बाजूस काढून जें उरेल त्यांतच व्यवहार बसावा. २०२० सालची गाडी पहिल्याच अटींत बसत नाहीं, मग ती कितीही स्वस्त असो. न मिळालेलें मिळविणें तो योग आणि मिळालेलें राखणें तो क्षेम, असा अर्थ संस्कृत पंडित सांगतात. गाडी हा योग आहे; त्यासाठीं घराचा क्षेम मोडूं नये.

एक गोष्ट राहिली. पत्रांत दोन्ही चिरंजीवांचीं मतें आहेत. परंतु रोज गाडी चालविणाऱ्या सूनबाईंचें मत कोठेंच दिसत नाहीं. सौदा करण्यापूर्वीं तें अवश्य विचारावें.