न कळवता पाठवलेली भेट

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने अथवा मुलीने पनवेलच्या आईवडिलांच्या पत्त्यावर, त्यांना अगोदर न कळवता, ऑनलाइन कोणतीही वस्तू पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते वाचून अनेक सुपुत्रांना व सुकन्यांना मी अरसिक वाटेन, याची जाणीव ठेवूनच ते आरंभी मांडतो. वाढदिवसाच्या सकाळी अकल्पितपणे दाराशी आलेले खोके उघडताना आईच्या मुद्रेवर उमटणारा आनंद, आणि तो व्हिडिओ कॉलवर पाहून शारजाला, म्युनिकला किंवा न्यू जर्सीला बसलेल्या लेकाला लाभणारे समाधान, ही दोन्ही मोलाची आहेत हे कोण नाकारील? परंतु कुणीही न मागवलेले पार्सल हे जेथे फसवणुकीचे पहिले पाऊल ठरू लागले आहे, तेथे वृद्ध मातापित्यांना अनपेक्षित पार्सल हसतमुखाने पदरात घेण्याची सवय लावणे म्हणजे प्रेमापोटी त्यांची सावधगिरी बोथट करणे होय.

वास्तविक दूरच्या मालाचे पनवेलला अप्रूप नाही. खाडीतून येणारी गलबते आणि घाटाच्या वाटेला लागणाऱ्या बैलगाड्या यांच्या सांध्यावर हे गाव बाजारपेठ म्हणून वाढले. टपाल खात्याने 1877 साली व्ही. पी.ची पद्धत सुरू केली, तेव्हापासून घरबसल्या माल मागवून दारात पैसे मोजण्याची वहिवाटही आपल्याकडे रुजली. व्ही. पी. सोडवावी आणि आतून जाहिरातीतल्या वस्तूऐवजी भलतेच काही निघावे, अशा कथा आमच्या लहानपणी टपाल नाक्यावर पुष्कळ ऐकू येत. तेव्हा जुना काळ भाबड्या सचोटीचा होता, असा माझा मुळीच दावा नाही. पण त्या व्यवहारात एक गोष्ट पक्की होती. माल मागवणारा, पैसे मोजणारा, पुडके उघडणारा आणि फसगत झाल्यास तक्रार गुदरणारा इसम एकच असे, आणि पैसे ज्याच्या हाती द्यायचे तो पोस्टमन सगळ्या आळीच्या ओळखीचा असे.

आज मागणी नोंदवतो म्युनिकमधला मुलगा. पैसे जातात त्याच्या तिथल्या कार्डावरून किंवा इथल्या अनिवासी भारतीयांसाठीच्या एनआरओ खात्यातून. संदेश येतो कधी त्याच्या मोबाइलवर, तर कधी वडिलांच्या. आणि दार उघडते ती नवीन पनवेलमधल्या तिसऱ्या मजल्यावरची आई, जिला वस्तू कोणती, किंमत किती आणि पैसे भरले आहेत की भरायचे आहेत, यांपैकी काहीच ठाऊक नसते. पनवेलला सकाळचे अकरा वाजलेले असताना न्यू जर्सीत मध्यरात्र उलटलेली असते, म्हणजे विचारायचे म्हटले तरी विचारणार कुणाला? समग्र व्यवहार कुणा एकाच्याही डोळ्यांसमोर नसतो, आणि भामटा नेमका त्या पोकळीत येऊन उभा राहतो.

दारातला प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, वडील औषधे आणायला खाली उतरलेले, आणि उंबऱ्याबाहेर पाठीवर जड पिशवी घेतलेला एक घामाघूम तरुण, ज्याला दुपारपर्यंत अजून कित्येक जिने चढायचे आहेत, म्हणतो, “काकू, लवकर ओटीपी सांगा ना.” काकू चष्मा शोधतात, इंग्रजी मजकुराचा संदेश उघडतात, त्यातले कळणारे तेवढे आकडे मोठ्याने वाचून दाखवतात आणि पार्सल आत घेतात. तो तरुण बिचारा निरपराध असतो. पण ज्या मोबाइलवरून हे आकडे वाचले गेले त्याच मोबाइलवर बँकेची ताकीदही पडलेली असते, की ओटीपी कुणालाही, अगदी बँकेच्या कर्मचाऱ्यालासुद्धा, सांगू नका. एकाने सांगायला शिकवायचे आणि दुसऱ्याने सांगाल तर पस्तावाल म्हणून बजावायचे, अशा स्थितीत सत्तरीच्या गृहिणीने घोटाळा केला तर दोष तिचा कसा? पार्सलच्या पोचेचा अंक आणि खात्यातून पैसे काढण्याचा अंक एकाच नावाने, एकाच रूपात नि एकाच परक्या भाषेत धाडणाऱ्या कंपन्यांचा तो दोष आहे. कोणती वस्तू, कुणी पाठवलेली, आणि हा अंक सांगितल्याने खात्यातून एक पैसाही जाणार नाही, एवढा मजकूर मराठीत पाठवणे त्यांना अशक्य आहे, असे मी मानत नाही.

हा दोष कुणाचा, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, कारण कायदा तोच प्रश्न विचारतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना व्यवस्थेत अन्यत्र घडलेल्या बिघाडामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या मुदतीत खबर दिली, तर त्याला तोशीस लागत नाही. मात्र त्याने स्वतः गुप्त अंक सांगून टाकला असेल, तर बँकेला कळवीपर्यंत झालेले नुकसान त्याच्याच माथी येते. परदेशातील मुलांच्या हे ध्यानात येत नाही, कारण ती ज्या देशांत राहतात तेथील छत्र पुष्कळदा अधिक विस्तीर्ण असते. इंग्लंडमध्ये 1974 च्या कायद्याच्या 75 व्या कलमान्वये, शंभर पौंडांहून अधिक व तीस हजार पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. त्या छत्राखाली खरेदीची सवय झालेला मुलगा वडिलांचे पेन्शनचे डेबिट कार्डही त्याच बिनधास्तपणे वापरू लागतो, ही माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी गफलत आहे.

दुसरा सापळा सीमाशुल्काचा. “तुमच्या मुलाने पाठवलेली भेट कस्टममध्ये अडकली आहे, अमुक रक्कम ताबडतोब भरा,” असा फोन अन्यत्र कदाचित संशयास्पद वाटेल. पण न्हावा-शेव्याचे बंदर 1989 पासून ज्यांच्या शेजारी आहे आणि क्लिअरिंगच्या धंद्यातला कुणी ना कुणी ज्यांच्या ओळखीचा असतो, त्या पनवेलकरांना तो खराच वाटतो. त्यात भर अशी, की पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला असलेली शुल्कमाफी सरकारने डिसेंबर 2019 मध्ये काढून घेतली आणि फक्त राख्या व जीवरक्षक औषधे तेवढी वगळली (राखीसोबतची ओवाळणी मात्र नव्हे, हा सरकारी काटेकोरपणा वाखाणण्याजोगा आहे), त्यामुळे शुल्क लागते ही गोष्ट खोटी नाही. खोटी असते ती वसुलीची रीत. टपालाने आलेल्या परदेशी पार्सलावर शुल्क बसले, तर ते पोस्टमन पार्सल देताना घेतो आणि पावती देतो. सीमाशुल्क खात्याच्या पत्रावर 8 नोव्हेंबर 2019 पासून एक ओळख क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. आणि कोणताही अधिकारी आपल्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. शक्य तोवर वस्तू इथल्याच विक्रेत्याकडून मागवावी. मग घरात एकच नियम पुरतो: कस्टमचे नाव निघाले, की फोन खाली.

पत्ता सापडत नाही ही सबब तर आपल्याकडे सहज खपते, कारण सिडकोच्या सेक्टरांच्या आणि प्लॉटांच्या अंकांत खरे डिलिव्हरीवालेही चकतात. म्हणून “एवढा क्रमांक फिरवा म्हणजे आमच्या माणसाशी बोलणे होईल,” असे म्हणत *401* ने सुरू होणारा क्रमांक फिरवायला लावणाऱ्याचे ऐकू नये. तो फिरवताच आपल्याला येणारे फोन भामट्याकडे वळू शकतात, आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्याच्याच कानी पडू शकतो.

मुलांनी करायचे ते फारसे अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार कार्डाचा परदेशी व ऑनलाइन वापर बंद ठेवण्याची आणि त्यावर मर्यादा घालण्याची मुभा खातेदाराला आहे. वडिलांच्या कार्डावर ती मुभा आजच वापरावी. आपले एनआरई वा एनआरओ खाते परदेशी मोबाइल क्रमांकावरून यूपीआयला जोडण्याची सोय 2023 पासून अमेरिका, इंग्लंड, अमिरात, सिंगापूर यांसह काही देशांतील लोकांसाठी झालेली असताना, आईच्या मोबाइलवर आपले ओटीपी मागवण्याचे कारण उरत नाही. आणि समाजमाध्यमांवर निम्म्या किमतीत पैठणी दाखवणाऱ्या दुकानाचा पत्ता व तक्रार अधिकाऱ्याचे नाव तेवढे शोधावे. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी ते देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे, आणि ते जेथे नाही तेथून आईसाठी रुमालसुद्धा घेऊ नये.

यापुढे मागणी नोंदवाल त्याच क्षणी घरच्या व्हॉट्सॲपवर चार गोष्टी लिहा: वस्तू कोणती, विक्रेता कोण, येणार केव्हा, आणि पैसे भरले की नाहीत. ज्याची अशी वर्दी आलेली नाही ते पार्सल आईवडिलांनी खुशाल परत पाठवावे; त्यात मुलाचा अपमान नाही. इतके करूनही पैसे गेलेच, तर न्यू जर्सीच्या सकाळची वाट पाहत बसू नका; बँकेला आणि 1930 या मदतवाहिनीला पनवेलमधूनच तत्काळ फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी गोठवता आली तरच हाती लागते. येत्या रविवारी बोलाल तेव्हा तो क्रमांक आईला भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगा, आणि दिवाळीला काय पाठवणार आहात तेही त्याच वेळी सांगून टाका.